आधी ‘कळलं कसं’ ते सांग, ‘काय कळलं’ ते नंतर

काकू म्हणून विचारलंस, तर मीही सरळ अरे-तुरेच करते. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की दोन वर्षांपूर्वी सहा इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण) घेतलीस, सुदामानगरात गच्चीवर लोकांना बोलावून दाखवतोस, कॉलनीच्या मराठी ग्रुपवर अवकाशातल्या बातम्या टाकतोस, त्याला तीन अंगठे मिळतात (त्यातला एक आईचा), आणि ‘सहा मिनिटं जग अंधारात’ वाला फॉरवर्ड मात्र घरोघरी पोचतो. तर बातमी द्यावी कशी, खरीखोटी ओळखावी कशी, आणि आपलंच चुकलं तर काय करावं.

मी इंदुरात फिजिक्स शिकवून रिटायर झाले, आणि गच्चीवर लोक गोळा करायची खोड १९८६ च्या हॅलेच्या धूमकेतूपासूनची. तेव्हा पेपरात शेपटीवाला मोठा फोटो आला होता आणि प्रत्यक्षात दिसला कापसाचा पुसट बोळा, पहाटे उठून आलेली माणसं माझ्याकडे अशी बघत होती जणू मीच शेपूट कापली. तेव्हापासून जे काही शिकले ते ठेच लागूनच, त्यामुळे माझ्याकडून नियमांची यादी मिळणार नाही, जे आठवेल ते सांगते.

आधी तो सहा मिनिटांचा फॉरवर्ड. २०२५ च्या जुलैमध्ये तो सगळीकडे फिरत होता, माझ्याकडे तर एकाच दिवशी चौघांकडून आला. आता बघ, त्यात २ ऑगस्ट ही तारीख खरी आहे, खग्रास सूर्यग्रहण खरं आहे, सहा मिनिटंही खरी आहेत, इजिप्तमध्ये लक्सरच्या बाजूला ६ मिनिटं २३ सेकंदांपर्यंत. फक्त वर्ष २०२७, आणि ‘जग’ म्हणजे स्पेन, उत्तर आफ्रिका, सौदी असा जाणारा अडीचशे किलोमीटरच्या आसपास रुंदीचा एक पट्टा. म्हणजे निव्वळ खोटं त्यात फार थोडं होतं, खऱ्या गोष्टीची एक बाजू गळाली आणि उरलेलं गावभर फिरलं.

मंगळाचंही तेच. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीच्या जवळ आला होता, साधारण ५ कोटी ५८ लाख किलोमीटर, इतका जवळ जवळपास साठ हजार वर्षांत आला नव्हता. तेव्हाच्या ईमेलमध्ये वाक्य असं होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. हे चक्क बरोबर आहे रे! मंगळ तेव्हा २५ विकला होता (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), चंद्र साधारण १८०० विकला, २५ ला ७५ ने गुणून बघ, १८७५ येतात. पुढे कोणीतरी वाक्याचा पहिला अर्धा भाग उडवला आणि ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हे उरलं, ते अजूनही दर ऑगस्टला परत येतं, राखीसारखं. मी अशा मेसेजखाली ‘फेक’ असं कधी लिहीत नाही. ज्या काकांनी तो पाठवलेला असतो ते कॉलनीतले मोठे असतात, त्यांना चार लोकांत फेक म्हटलं की ते तुझ्या गच्चीवर परत पाय ठेवत नाहीत. मी लिहिते की अर्धा मेसेज बरोबर आहे, राहिलेला अर्धा हा, आणि ते गुणाकाराचं गणित टाकते. गणित लोकांना आवडतं, पुढे पाठवता येतं.

आता तुझ्या बातम्यांना अंगठे का मिळत नाहीत. तू नमुना म्हणून पाठवलेल्या तीन पोस्ट वाचल्या, तिन्हींची सुरुवात ‘शास्त्रज्ञांना आढळले आहे की’ अशी. आढळलं म्हणजे काय झालं? कोणी डोळ्यांनी बघितलं, की प्रकाशाच्या पट्ट्यात एखादी रेष कमी पडली, की कॉम्प्युटरवर मॉडेल चालवलं? वाचणाऱ्याला तिथे धरायला काहीच मिळत नाही, मग त्याच्यासाठी ती बातमी आणि राशिभविष्य सारखंच, दोन्हीकडे कोणीतरी सांगतंय आणि आपण मान डोलवायची. मी तर स्वतःशी पक्कंच केलंय की ‘हे कळलं कसं’ हे मला साध्या मराठीत एका-दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर ती बातमी त्या दिवशी टाकायची नाही. दोन दिवस उशीर झाला तर काय बिघडतं, आपण काय न्यूज चॅनेल आहोत का.

के२-१८बी चं उदाहरण घे. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमने सांगितलं की १२४ प्रकाशवर्षांवरच्या या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसतायत, पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जिवांकडून येतो. लगेच ‘परग्रहावर जीवसृष्टी’. आता कळलं कसं? ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून गाळून आपल्याकडे येतो, जसा उन्हात धरलेल्या ग्लासातल्या कोऱ्या चहातून येतो, आणि त्यातले कुठले रंग कमी पडले त्यावरून आत काय विरघळलंय त्याचा अंदाज बांधायचा. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीने ते मोजलं. हे एवढं सांगितलंस की पुढचा प्रश्न लोकच विचारतात, ‘मग त्यात दुसरं काही असू शकतं ना?’ आणि तेच बाकीच्या संशोधकांनी विचारलं, तोच डेटा पुन्हा तपासून कित्येकांनी म्हटलं की खूण पक्की नाही. टीमनेही स्वतः तीन सिग्माच म्हटलं होतं (सिग्मा म्हणजे खूण योगायोगाची नाही याची खात्री मोजायचं माप), पाच सिग्मापर्यंत गेल्याशिवाय शोध लागला असं म्हणत नाहीत. तू नुसता मथळा टाकला असतास तर महिन्याभराने ‘शास्त्रज्ञ पलटले’ हा मथळा टाकायची वेळ तुझ्यावरच आली असती.

माझ्यावर आलीच होती. १७ मार्च २०१४ ला दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या टीमने प्रेस कॉन्फरन्स घेतली, विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणातल्या गुरुत्वीय लहरींचा (अवकाशालाच बसलेल्या हेलकाव्यांचा) ठसा सापडला म्हणून. मी इतकी हरखले की लोकमान्य नगरात व्याख्यान ठोकून दिलं, हॉल भरला, मागे लोक उभे होते, मी छातीठोकपणे सांगितलं की हे नोबेल ठरलेलं आहे. पुढे प्लँक उपग्रहाच्या मोजमापाशी ताळा करून बघितलं तर त्या ठशाचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला, जानेवारी २०१५ मध्ये दोन्ही टीमनी मिळून ते जाहीर केलं. मी आठवडाभर झोपले नाही नीट. मग त्याच हॉलमध्ये दुसरं व्याख्यान ठेवलं, नाव दिलं ‘धूळ’, अकरा माणसं आली, त्यातले दोन हॉलचे लोक. पण सांगू का, एवढे प्रश्न मला आयुष्यात कुठल्या व्याख्यानाला आले नाहीत. धूळ आहे हे कळलं कसं, आधी का नाही कळलं, त्या लोकांची नोकरी गेली का (हा प्रश्न एका बँकेतल्या गृहस्थांचा). त्या अकरातले सहा जण आजही माझ्या गच्चीवर येतात. तेव्हा चुकलं तर काय करू याचं उत्तर हे, जिथे चूक सांगितली तिथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात दुरुस्ती सांगायची, जुनी पोस्ट डिलीट करायची नाही, तिच्याखालीच लिहायचं.

याच्या उलट लायगो बघ, गुरुत्वीय लहरी पकडणारी अमेरिकेतली वेधशाळा. १४ सप्टेंबर २०१५ ला खूण मिळाली आणि जाहीर केलं ११ फेब्रुवारी २०१६ ला. मधले पाच महिने ते लोक आपलंच म्हणणं खोटं पाडायचा प्रयत्न करत होते. शोधनिबंध आधी तपासून घेतला, मग पत्रकारांना बोलावलं. बायसेपवाल्यांनी आधी पत्रकार बोलावले होते. शिवाय लायगोचे दोन यंत्रसंच, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर, आणि दोन्हीकडे तोच झटका ७ मिलिसेकंदांच्या फरकाने. म्हणून बातमी आली की मी दोन गोष्टी आधी बघते, शोधनिबंध दुसऱ्या संशोधकांनी तपासलाय का, आणि दुसऱ्या कोणाला दुसऱ्या यंत्राने तेच दिसलंय का. तिसरी एक बारीकशी, बातमीत टीमबाहेरच्या कोणाचं मत घेतलंय का. नसेल तर ती बहुतेक वेळा त्यांच्याच विद्यापीठाच्या जाहिरात खात्याने लिहिलेली असते.

आणि लायगो सांगताना हे विसरू नकोस की हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय आणि त्यात आपल्या इंदूरचं आरआरकॅट (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) आहे, लेसरचं काम हे त्यांचं घरचंच. हे मी एका कार्यक्रमात म्हटलं तर मागून एक आजी म्हणाल्या, ‘हिंगोली? माझं माहेर!’ त्यानंतर अर्धा तास त्या हॉलमध्ये लायगोच्या चार किलोमीटरच्या बोगद्याबद्दल जे काही प्रश्न आले, ते मी अमेरिकेतल्या हॅनफर्डचं (तिथल्या लायगो केंद्राचं) नाव घेऊन शंभर वर्षांत काढू शकले नसते.

आकड्यांचं मात्र फार सांभाळ. शक्यतेचे आकडे तर सगळ्यात वाईट. २०२४ वायआर४ हा लघुग्रह आठवतो ना, २७ डिसेंबर २०२४ ला सापडला, आणि २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळायची शक्यता आधी एक टक्का, मग दोन, मग १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्के, आणि मग थोड्याच दिवसांत जवळपास शून्य. लोक म्हणाले हे काय शेअर मार्केट आहे का. माझ्या भाचीने तर विचारलं की सरकारने दाबलं का गं.

मी तिला किल्लीवर समजावलं. समज, घराची किल्ली हरवली आहे. ती पडू शकते अशा शंभर जागा आहेत, त्यातली एक जागा म्हणजे अंगणातला उघडा बोअरिंगचा खड्डा. सुरुवातीला खड्ड्यात असायची शक्यता शंभरात एक. आता शोधायला लागलीस, पर्स बघितली, गादीखाली बघितलं, कपाटाच्या मागे, अशा ६८ जागा झाल्या, किल्ली नाही. उरल्या ३२, आणि खड्डा अजून त्यात आहेच. आता शक्यता ३२ मध्ये एक, म्हणजे ३.१ टक्के! किल्ली जागची हललेली नाही, खड्डाही तिथेच, वाढली ती फक्त तुझी माहिती. घाबरून जातेस, आणि पुढच्या मिनिटाला किल्ली फ्रीजवर सापडते, शक्यता शून्य. लघुग्रहाचं हेच झालं, दर रात्रीच्या निरीक्षणाने तो २०३२ मध्ये कुठे असू शकेल तो पट्टा आकसत गेला, पृथ्वी काही दिवस त्या आकसलेल्या पट्ट्यात राहिली, मग बाहेर पडली. भाचीने हे तिच्या ऑफिसात सांगितलं, तिथून ते कुठल्या कुठे गेलं, आणि परत माझ्याकडे एका फॉरवर्डमध्ये आलं, त्यात किल्ली स्कूटरची झाली होती. चालेल.

अंतरांसाठी आपल्या ओळखीची जागा घे. सूर्याचा अभ्यास करणारं आपलं आदित्य-एल१ यान गेलं तेव्हा अर्धं इंदूर म्हणत होतं की आपण सूर्यावर चाललो. मी मुलांना म्हटलं, राजवाड्याच्या दारात एक मीटर व्यासाचा गोळा ठेवा, हा सूर्य. तिथून सराफ्याच्या बाजूला १०७ मीटर चाला आणि एक काबुली चणा ठेवा, ही पृथ्वी. आता आदित्य कुठे? त्या चण्यापासून साधारण एक मीटरवर. पंधरा लाख किलोमीटर ते एवढंच, पूर्ण वाटेतला शंभरावा हिस्सा. एका मुलाने विचारलं मग सगळ्यात जवळचा दुसरा तारा कुठे ठेवायचा, मी तिथेच हिशेब केला तर आलं जवळपास २९ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीवर जागाच नाही त्याला ठेवायला. तो मुलगा रस्त्याकडे बघत गप्प उभा राहिला, मग म्हणाला, चण्यावर आपण राहतो?

तसंच चंद्रयान-३ चं. ‘दक्षिण ध्रुवावर उतरलं’ असं तूही लिहिलंयस. विक्रम उतरलं ६९ अंश दक्षिणेला, ध्रुवापासून सहाशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब. इंदुरात उभं राहून मुंबईला पोचलो म्हणण्यासारखं आहे ते. ध्रुवीय प्रदेशाच्या बाजूला, तिथवर आधी कोणी उतरलं नव्हतं, एवढं म्हटलं तरी छाती फुगायला पुरे आहे, त्यात भर कशाला घालायची. लोकांना वाटतं असं बोललं की तुम्ही देशाला कमी लेखता. मी त्यांना विक्रम आणि प्रज्ञानने काय काय मोजलं ते सांगते, रोव्हरवरच्या लेसरने मातीवर ठिणगी पाडून तिच्या प्रकाशातून गंधक ओळखलं हे सांगते, मग भांडण मिटतं.

भाषेचं वेगळंच आहे आपल्याकडे. गच्चीवर आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो आणि त्याचं पुस्तक इंग्रजीत. मी एकदा कृष्णविवर म्हटलं तर एका मावशींनी हात जोडले, त्यांना वाटलं कृष्णाची काहीतरी लीला सांगतेय. आता मी एकदा ब्लॅक होल, एकदा कृष्णविवर असं दोन्ही म्हणून घेते आणि पुढे ज्याला जे जमेल ते. मृग, व्याध, कृत्तिका मात्र सोडत नाही, ती नावं आजीला येतात आणि नातवाला नाही, त्यामुळे गच्चीवर आजीच दाखवते बोट करून आणि माझं काम वाचतं. शुद्ध मराठीचा फार आग्रह धरू नकोस, तुझ्या पोस्टमधलं ‘अवरक्त वर्णपटमापन’ वाचून मलाच चहा घ्यावा लागला.

दाखवायच्या कार्यक्रमाबद्दल. पुस्तकी लोक सांगतील की पौर्णिमेला दुर्बीण लावू नये, चंद्र सपाट दिसतो, बाकी काही दिसत नाही. खरं आहे, विवरं बघायला सप्तमी-अष्टमी उत्तम, उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात. पण कोजागिरीला सगळी कॉलनी गच्चीवर असते रे, दूध आटत असतं, माणसं रिकामी असतात. अष्टमीला तू एकटा आणि डास. मी कोजागिरीला लावते, आणि सांगते की आठ-नऊ दिवसांनी परत या, यातच खड्डे दाखवते, पण तेव्हा अर्ध्या रात्री उठावं लागेल. चार-पाच येतात, तेच आपले.

आणि डोळा लावायच्या आधी काय दिसणार ते सांगून ठेव. वेबचे रंगीत फोटो बघून आलेल्या माणसाला देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) दाखवलीस तर तो म्हणणार आयपीसवर फुंकर मारलीस का. वेबचा कॅमेरा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाश टिपतो, ते आपल्या डोळ्याला दिसतच नाही, म्हणून त्याला रंग नेमून दिलेले असतात, आणि तो तासन्‌तास प्रकाश गोळा करतो, तुझा डोळा क्षणभर. मी सांगते, राखाडी डाग दिसेल, पण हा प्रकाश निघाला तेव्हा माणूस नव्हता, पंचवीस लाख वर्षं चालत आलाय. मग तो डाग लोक जरा जास्त वेळ बघतात.

एक शनीचं सांगतेच. जुनी इंदूरच्या शनी मंदिरात दर शनिवारी जाणारे एक आजोबा, रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर मागे सरकले, म्हणाले शनिमहाराजांच्या नजरेला नजर देत नाहीत. मागची पोरं हसली. मी पोरांना गप्प केलं, आणि आजोबांना म्हटलं की तुम्हाला जे दिसेल तो सव्वा तासापूर्वी तिथून निघालेला उजेड आहे. ते थांबले, विचार केला, आणि म्हणाले, ‘म्हणजे मी बघतोय हे त्यांना इतक्यात कळणार नाही.’ आणि बसले स्टुलावर. पाच मिनिटं उठले नाहीत. प्रकाशाचा वेग मी इतकी वर्षं वर्गात शिकवला, इतका नीट कोणी वापरलेला बघितला नाही. (शनीची कडी २०२५ मध्ये फार बारीक दिसत होती, मार्चमध्ये तर आपल्याला अगदी कडेने, त्यानंतर ती काही वर्षांत हळूहळू परत उघडते, लोकांना तेही सांग, नाहीतर म्हणतील दुर्बीण स्वस्तातली आहे.)

दुर्बीण नसली तरी चालतं असेही दिवस आहेत. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, त्यामुळे वर्षातून दोनदा, जूनच्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि गच्चीवर उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली गायब. जुलैत ढग असतात, जूनचा दिवस धर. बारालाच का नाही असं कोणीतरी विचारेलच, मग त्यांना एका रविवारी उज्जैनच्या वेधशाळेत ने, तिथल्या सम्राट यंत्रावर सावली वाचली की आपलं मनगटावरचं घड्याळ साधारण २७ मिनिटं पुढे निघतं, काही दिवशी त्याहून कमी-जास्त. काहींना वाटतं यंत्र बिघडलं. घड्याळ आहे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाचं, सूर्य आहे उज्जैनचा, एवढंच.

आता २०२७ च्या त्या ग्रहणाचं तू आतापासून प्लॅनिंग करतोयस म्हणालास. आपल्याकडे ते थोडंसंच खंडग्रास दिसेल, दुपार कलल्यावर, आणि ऑगस्ट म्हणजे माळव्यातला पाऊस. चष्मे घेशील तर आयएसओ १२३१२-२ लिहिलेले आणि विश्वासाच्या ठिकाणाहूनच घे, एक्स-रे फिल्म कोणी आणली तर हातातून काढून घे.

२२ जुलै २००९ ला खग्रासाचा पट्टा सुरत, बडोदा, इंदूर, भोपाळ असा गेला होता. आपल्या घरावरून खग्रास! मी महिनाभर आधीपासून हिऱ्याची अंगठी (कडेला क्षणभर चमकणारा सूर्याचा शेवटचा ठिपका), प्रभामंडल, याच गोष्टी सांगत होते, रंगीत चित्रं काढली होती, चाळीस-पंचेचाळीस माणसं पहाटे पाचला आमच्या गच्चीवर. आकाश संपूर्ण झाकलेलं. सव्वासहा वाजून गेले आणि पश्चिमेकडून अंधार आला, चादर ओढावी तसा, दोन-तीन मिनिटं खरीखुरी रात्र, समोरच्या पिंपळावरचा कलकलाट एकदम बंद, खाली दूधवाला सायकल धरून तसाच उभा. आणि माझी माणसं वर ढगाकडे बघत होती, अंगठी कुठे दिसते का म्हणून, कारण मी तेवढंच सांगितलं होतं. उजाडल्यावर एक जण म्हणाला, ‘बाई, काहीच नाही दिसलं.’ दूधवाल्याला विचारलं असतं तर त्याने सगळं सांगितलं असतं.

तेव्हा २ ऑगस्टला ढग असले तर लोकांना कुठे बघायला सांगणार, ते आधी लिहून काढ आणि मला पाठव.